अंगावरचा चट्टा बघायला आशाताई दारात का येतात?

दुपारची जेवणं उरकलेली असतात. अंगणात कुणीतरी जाळं विणत बसलेलं असतं, ओटीवर कुणी मोबाईल बघत पडलेलं असतं. तेवढ्यात पाणंदीतून दोघंजण येताना दिसतात. एक गावातल्या आशाताई आणि त्यांच्याबरोबर एक पुरुष स्वयंसेवक. हातात नोंदवही. घरात माणसं किती, बाहेरगावी कोण, अशी विचारपूस होते आणि मग खरा प्रश्न येतो, "अंगार खंय चट्टो-बिट्टो आसा काय?"

उत्तर ठरलेलं असतं. "नाय गो, काय एक नाय."

कुष्ठरुग्ण शोध अभियान सुरू असतं तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या देवबाग, तळाशील, आचरा अशा कुठल्याही गावात हे दृश्य दिसू शकतं. महाराष्ट्रात अलीकडे ही मोहीम क्षयरोगाच्या शोधमोहिमेसोबत राबवली जाते, त्यामुळे खोकल्याबद्दलही विचारलं जातं. खोकल्याचं लोक सांगतात. चट्ट्याचं मात्र सांगत नाहीत. शर्ट काढून पाठ दाखवायला सांगितलं की अनेक घरांत संवाद तिथेच संपतो. "आम्हाला काही झालं तर आम्ही डॉक्टरकडे जाऊ की. घरी कशाला यायला पाहिजे?"

प्रश्न रास्त आहे. ताप आला, पोट दुखलं की माणूस आपणहून दवाखान्यात जातोच. मग याच आजारासाठी सरकार दार का ठोठावतं?

दुखत नाही, खाजत नाही, म्हणून राहतो

कुष्ठरोग हा जंतुसंसर्ग आहे. त्याचा जंतू नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. हा जंतू फार संथ वाढतो. शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षं जातात, काहींच्या बाबतीत २० वर्षंही लागतात. म्हणजे आज दिसलेला चट्टा कुठून आला हे शोधायला गेलं तर उत्तर मुंबईतल्या जुन्या खोलीत सापडेल, पूर्वी काम केलेल्या बोटीवर सापडेल किंवा कुठेच सापडणार नाही.

सुरुवात साधी असते. त्वचेवर आजूबाजूपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा येतो. तिथे स्पर्श कमी कळतो किंवा कळतच नाही. तो दुखत नाही आणि सहसा खाजतही नाही. एक उपयोगी गोष्ट इथेच सांगून टाकते. चट्टा प्रचंड खाजत असेल तर तो बहुधा नायटा किंवा खरूज असतो. पावसाळ्यात ओलसर कपड्यांमुळे आपल्याकडे नायट्याचा त्रास घरोघरी असतोच. त्यासाठी लोक मेडिकलमधून ट्यूब आणतात, करंजेल तेल लावतात, काहीतरी करतात. कारण खाज झोपू देत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा मात्र शांतपणे झोपू देतो. पाठीवर, नितंबावर, मांडीच्या मागे असेल तर महिनोन् महिने दिसतही नाही.

तोवर जंतू नसांवर काम करत असतो. कोपराजवळची, गुडघ्यामागची नस जाड होते. हातापायाला मुंग्या, बधिरपणा येतो. चालताना पायातली चप्पल निसटते आणि ती निसटल्याचं कळत नाही. चुलीवरचं गरम भांडं उचललं तरी चटका जाणवत नाही. काही रुग्णांत चट्टे ठळक नसतात, पण त्वचा तेलकट चमकते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात.

आता हे किनाऱ्यावरच्या कामांच्या शेजारी ठेवून बघा. दोरखंड ओढणं, मासळी साफ करताना काटा रुतणं, बर्फात हात घालणं, लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभं राहणं. बधिर हाताला दोरखंडाने कापलं तर माणूस काम थांबवत नाही, कारण त्याला कळलेलंच नसतं. जखम चिघळते, पुन्हा होते, पुन्हा चिघळते. बोटं झडतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. जंतू बोटं खात नाही. संवेदना गेलेल्या बोटांना वारंवार होणाऱ्या जखमा आणि त्यातला संसर्ग त्यांची झीज करतात. म्हणजे ज्या विद्रूपतेला समाज इतका घाबरतो, ती वेळेत उपचार मिळाले असते तर बहुतेक वेळा टळली असती.

२०२० साली रुग्ण निम्मे झाले?

दारात जाण्याचं महत्त्व एका आकड्यात कळतं. २०१९ साली भारतात कुष्ठरोगाचे १,१४,४५१ नवे रुग्ण नोंदले गेले. २०२० साली ६५,१४७. एका वर्षात जवळपास निम्मे.

वर्षानुवर्षं शरीरात दबून राहणारा आजार एका वर्षात निम्मा होत नाही. २०२० मध्ये झालं एवढंच की कोविडमुळे घरोघरी जाणं थांबलं. रुग्ण होते तिथेच होते, त्यांची नोंद झाली नाही.

याच्या उलटही घडलं आहे. डिसेंबर २००५ मध्ये भारताने देशपातळीवर दर १० हजार लोकांमागे १ पेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला. त्याला 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन' म्हटलं गेलं. हा शब्दप्रयोग तांत्रिक होता, पण लोकांनी त्याचा अर्थ 'कुष्ठरोग संपला' असा घेतला, आणि खरं सांगायचं तर यंत्रणाही सैलावली. घरोघरचा शोध मागे पडला, रुग्णाने स्वतःहून यावं अशी अपेक्षा राहिली. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी कोण येणार? पुढे २०१६ मध्ये पल्स पोलिओच्या धर्तीवर शोध अभियान सुरू झालं आणि २०१६-१७ मध्ये देशातली नव्या रुग्णांची संख्या १ लाख ३५ हजारांवर गेली. बातम्यांचे मथळे होते, कुष्ठरोग वाढला. वाढला होता तो शोध.

आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. त्यामुळे एखाद्या तालुक्यात 'इतके नवे रुग्ण सापडले' अशी बातमी दिसली की घाबरून शेअर करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: तिथे शोध जोरात झाला होता का? ज्या गावात शून्य रुग्ण आहेत, तिथे खरंच आजार नाही की कुणी बघितलेलंच नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

आधी उचलून न्यायचे, मग घरी जाऊ लागले

दारात जाण्याची ही पद्धत कुठल्या परदेशी संस्थेकडून आलेली नाही. ती महाराष्ट्रात घडली आहे. त्याआधी काय होतं ते बघू.

एकोणिसाव्या शतकात कोकण आणि मुंबईत कुष्ठरोगाचा प्रश्न सरकारदरबारी चांगलाच माहीत होता. सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, तो वेगळा झाला १९८१ मध्ये. रत्नागिरीत कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभं राहिलं होतं. मुंबईत रस्त्यावर राहणाऱ्या रुग्णांसाठी पालिका आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी १८९० साली माटुंग्याला आश्रयस्थान सुरू केलं, तेच आजचं वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. त्या काळी औषध नव्हतं. त्यामुळे 'उपाय' एकच, रुग्णाला बाजूला काढायचं. १८९८ च्या कायद्याने तर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून अशा ठिकाणी ठेवण्याचा अधिकारच दिला. हा कायदा केंद्राने रद्द केला २०१६ मध्ये. टायपिंगची चूक नाही, २०१६ मध्येच.

नेल्यावर परत येणं नाही, हे कळल्यावर लोक काय करणार? लपवणार. बाजूला काढण्याच्या धोरणाने रुग्ण कमी दिसू लागले आणि आजार घराघरांत दडून राहिला.

वर्ध्यात वेगळा विचार सुरू झाला. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः गांधीजी करत, तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. पण शुश्रूषा वेगळी आणि साथीवर नियंत्रण वेगळं. ते दुसरं काम १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग फाउंडेशनने हाती घेतलं. त्याचे सूत्रधार होते डॉ. रा. वि. वारदेकर.

तोपर्यंत डॅप्सोनच्या गोळ्या आल्या होत्या. स्वस्त, तोंडाने घ्यायच्या, घरी देता येण्याजोग्या. मग रुग्णाला आश्रमात ठेवायचं कशाला? वारदेकरांच्या पद्धतीत तीन कामं होती: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. कार्यकर्त्याला ठरावीक गावं वाटून दिलेली. त्याने प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाची त्वचा तपासायची, सापडलेल्या रुग्णाला गावातच औषध द्यायचं आणि गावाशी बोलत राहायचं. यातलं बोलत राहणं हे सगळ्यात कष्टाचं काम, असं मला हे सगळं वाचताना सतत वाटत राहिलं. सर्वेक्षण एका दिवसात होतं. पाठ दाखवण्याइतका विश्वास एका दिवसात बसत नाही.

१९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याने हीच पद्धत स्वीकारली. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासा झाला. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एकाहून अधिक औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. हीच बहुविध औषधोपचार पद्धती, एमडीटी. देशात ती सगळ्यात आधी ज्या जिल्ह्यांत राबवली गेली त्यात वर्धा होता. घरोघरची यादी तयार असल्यामुळे नवीन गोळ्या कुणाला द्यायच्या हे शोधत बसावं लागलं नाही.

बाबा आमटेंचं आनंदवन किंवा शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन आपल्याला जास्त माहीत आहे, आणि त्यांचं काम मोठंच आहे. ज्यांना घराने नाकारलं त्यांना त्यांनी जगणं दिलं. वर्ध्याच्या या कामाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. कदाचित तिच्यात फोटो काढण्यासारखं काही नाही म्हणून. सायकल, नोंदवही आणि कापसाचा बोळा.

रुग्ण एक, पाहणी घरभर

कुष्ठरोग हात मिळवल्याने, एका बाकावर बसल्याने, एकत्र जेवल्याने होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांमधून, तेही दीर्घकाळच्या निकट सहवासात तो पसरतो. शिवाय सुमारे ९५ टक्के लोकांना या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. उपचार सुरू झाले की रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो.

म्हणून एक रुग्ण सापडला की घरातल्यांची आणि शेजाऱ्यांची तपासणी होते. आजार नसलेल्या निकट सहवासितांना त्यांच्या संमतीने रिफॅम्पिसिन या औषधाचा एकच डोस दिला जातो. बांगलादेशात २० हजारांहून अधिक सहवासितांवर झालेल्या अभ्यासात या एका डोसने पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी झालं होतं. मात्र तो सरसकट सगळ्यांना देत नाहीत. दोन वर्षांखालची मुलं आणि गर्भवती वगळल्या जातात, आणि क्षयाची लक्षणं असणाऱ्यांची आधी तपासणी करावी लागते, कारण रिफॅम्पिसिन हे क्षयाचंही औषध आहे. आशाताई खोकल्याची आणि चट्ट्याची चौकशी एकत्र का करतात, त्याचं एक कारण हेही.

एकट्यावर नाही तर भोवतालावर उपचार करायचे हा विचार इतर त्वचारोगांतही लागू पडतो. खरजेचंच घ्या. घरातल्या एकाला औषध लावलं आणि बाकीचे तसेच राहिले तर महिन्याभरात खरूज परत. फिजीमध्ये २०१२ साली याची मोठी चाचणी सुरू झाली. काही बेटांवर फक्त त्रास असलेल्यांना आणि त्यांच्या निकटच्यांना नेहमीचा उपचार दिला, तर एका ठिकाणी सगळ्याच रहिवाशांना आयव्हरमेक्टिन हे औषध दिलं. वर्षभराने नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात खरजेचं प्रमाण ३६.६ टक्क्यांवरून १८.८ टक्क्यांवर आलं होतं. सगळ्यांना औषध दिलेल्या गटात ते ३२.१ वरून १.९ टक्क्यांवर आलं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या आदिवासी वस्त्यांमध्येही खरूज हा मोठा प्रश्न आहे. तिथेही दाटीच्या घरात एकट्याला मलम देऊन भागत नाही म्हणून घरेच्या घरे तपासण्याचे कार्यक्रम झाले. याच आदिवासींच्या आधीच्या पिढ्यांना कुष्ठरोग झाला की डार्विनजवळच्या चॅनल बेटावर नेऊन ठेवत. ते १९३१ ते १९५५ चालू होतं. आरोग्य खात्याच्या माणसाला अंग दाखवायला वस्तीतले म्हातारेकोतारे का कचरतात, हे त्यामुळे समजायला सोपं जातं. आपल्याकडेही आजीच्या तोंडून 'महारोग', 'रक्तपिती' हे शब्द ज्या दबक्या आवाजात येतात, त्यामागे असाच इतिहास आहे.

"दाखवलं आणि गावभर झालं तर?"

ही भीती निव्वळ अज्ञान म्हणून उडवून लावणं सोपं आहे. पण २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे हिंदू विवाह कायद्यासह पाच वैवाहिक कायद्यांत घटस्फोटाचं कारण होतं. बरा होणारा आजार आणि त्यावरून मोडणारं लग्न, दोन्ही एकाच वेळी कायदेशीर होतं. लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या आईने "काय एक नाय" म्हटलं तर तिला दोष कसा देणार?

त्यात आशाताई गावातल्याच. हा फायदाही आहे आणि अडचणही. ओळखीची बाई म्हणून दार उघडतं, आणि ओळखीचीच म्हणून चट्टा झाकला जातो. निदान पक्कं झाल्यावर आणि उपचार पूर्ण झाल्यावर त्यांना मोबदला मिळतो: शोधल्याबद्दल २५० रुपये, सहा महिन्यांचा उपचार पूर्ण करून घेतल्यास ४००, वर्षभराचा असल्यास ६००. "पैशासाठी करतात" असा टोमणा त्यांना ऐकावा लागतो. वर्षभर एखाद्याच्या गोळ्यांवर लक्ष ठेवण्याचे ६०० रुपये. हिशेब तुम्हीच करा.

त्यांच्यासमोर बोलायचं नसेल तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाता येतं. तिथे डॉक्टर चट्ट्यावर कापसाचा बोळा किंवा पेनचं टोक हलकेच टेकवतात. तुम्ही डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की बोट ठेवायचं. मग कोपर, मनगट, गुडघा इथल्या नसा चाचपून बघतात, हातापायाची ताकद तपासतात. बहुतेक वेळा निदान यावरच होतं. गरज पडल्यास त्वचेचा नमुना घेतात. चट्टा साधा निघाला तर दहा मिनिटांत सुटका.

निदान झालंच तर औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण ६ महिने, त्याहून जास्त असतील तर १२ महिने. महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीचं पाकीट घरी. ना भरती, ना घर सोडणं, ना कामाला सुट्टी.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. रिफॅम्पिसिन घेतल्यावर लघवी लालसर होते. आणि क्लोफाझिमिन या औषधाने त्वचा काळपट पडते, जी उपचार संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू पूर्ववत होते. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून गोळ्या सोडतो. दुसरं, उपचारादरम्यान किंवा नंतरही चट्टे अचानक लाल होऊन सुजणं, नस दुखणं, हाताची ताकद कमी होणं असं झालं तर ती औषधाची 'गरमी' नाही. ती शरीराची प्रतिक्रिया असते, तिच्यावर वेगळे उपचार असतात आणि त्याच आठवड्यात दाखवावं लागतं. उशीर झाला तर नस कायमची जाऊ शकते.

ज्यांची संवेदना आधीच गेली आहे त्यांना एमडीटीने जंतू मरतो, पण स्पर्श परत येईलच असं नाही. त्यांच्यासाठी रोजची काळजी असते. पाय रोज बघायचे, पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून जाड त्वचा हलकेच घासायची आणि ओलसर असतानाच खोबरेल लावायचं. मऊ रबरी तळव्याची खास पादत्राणं आरोग्य विभागाकडून मिळतात.

राहता राहिले घरी न सापडणारे. टीम दुपारी येते तेव्हा निम्मे पुरुष समुद्रावर असतात, चाकरमानी मुंबईत असतात, आणि बोटींवर काम करणाऱ्या परजिल्ह्यांतल्या, परराज्यांतल्या, नेपाळच्या खलाशांचं घर तर कुठल्याच वाडीच्या यादीत नसतं. बोटीवरच्या दाटीत महिनोन् महिने एकत्र राहणारे हेच लोक तपासणीतून सुटतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा गावातली माणसं घरी असतात, पण बाहेरचे खलाशी आपापल्या मुलखात गेलेले असतात. त्यांना गाठायचं तर ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात जायच्या आधी बंदरावरच तपासणी करावी लागेल. घरच्या माणसाचं सोपं आहे. टीम आली तेव्हा तुम्ही नव्हता, तर उपकेंद्रात जाऊन राहिलेली तपासणी करून घेता येते. आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्याला गावात निदान झालं, तर तिथून मुंबईच्या जवळच्या सरकारी किंवा पालिका दवाखान्याच्या नावाने पत्र घेऊन जावं. पुढचं पाकीट तिकडे मिळतं.